डोमाचं मळकं विमान

मी एक वीतभर लढाऊ विमान. उडालो मात्र कधीच नाही. खोक्यातून तुकड्यातुकड्यांनी आलो आणि गोंडपिपरीच्या रंजीताच्या टेबलावर जोडला गेलो. रंजीता मोबाइल दुरुस्त करते, म्हणून हात बारीक कामाला सरावलेला. श्वास रोखून तिनं माझ्या अंगावर हिरवे-तपकिरी पट्टे ओढले.

हा खटाटोप तिच्या आजासाठी. डोमा त्याचं नाव. एकाहत्तरच्या लढाईत तो हवाईदलात मेकॅनिक होता, एकच विमान त्याच्या हवाली. आता काचबिंदूनं एक डोळा विझलेला, दुसऱ्यात फटीएवढा उजेड. "पोळ्यापर्यंत निभेल, पुढचं सांगता येत नाही," असं डॉक्टर बोलले. त्याआधी म्हाताऱ्याला आपलं विमान एकदा बघायचं होतं.

रंग वाळला तसं रंजीतानं मला त्याच्या नाकापुढे धरलं. म्हातारा म्हणतो, "हे तं दुकानातलं झालं, पोरी. माहं विमान लढून येत होतं."

झालं. आठ दिवस ती मला मळवत बसली. डोमा खाटेवरून सांगायचा, "बंदुकीच्या तोंडाशी काळा फराटा ओढ. पंखावर बुटाचे ओरखडे." ती स्पंजनं रंग टिपायची, काजळी घासायची. बोट जरा जास्त फिरलं की सगळं वाया, म्हणून माझाही जीव टांगणीला. शेवटी फक्त वार्निशचा हात राहिला. तो बसला की मळ पक्का. तोवर ओल्या फडक्यानंही जाईल असा.

त्या दिवशी होता तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, पोरांचा. घरोघरी लाकडी बैल धुऊन, तेल लावून सजवतात. रंजीता वार्निश आणायला गेली, आणि गुणाबाईनं, म्हणजे डोमाच्या बायकोनं, घरातले दोन बैल परातीत घेतले. मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी ओरडणार कशानं?

रंजीता दारात आली तेव्हा मी बैलांच्या शेजारी, तेल पिऊन, नाकावर हळदकुंकू लेऊन चकाकत होतो.

"आजी, काय केलं हे?"

"सणाच्या दिवशी मळकं ठेवू काय त्याले?"

"तो मळ मी बनवला होता. आठ दिवस लागले."

"मळ कोणी बनवते का बाई? आमाले तं फुकटात भेटते."

रंजीतानं वार्निशची बाटली खाली ठेवली. पुन्हा आठ दिवस? तेवढा उजेड आजाच्या डोळ्यात होता की नाही, कोणाला ठाऊक. तिचं तोंड बघून गुणाबाईचेही हात परातीतच थांबले.

"आण इकडे," डोमा म्हणाला. "अन् काळा रंग दे."

"आबाजी, तुमचा हात थरथरते."

"तवाही थरथरे. गोळ्या खाऊन आलेलं विमान तासाभरात पुन्हा धाडाचं राहे."

रंजीतानं माझं तेल पुसून मला त्याच्या हाती दिलं. त्यानं मला इतकं जवळ घेतलं की पापणी पंखाला लागली. फराटा ओढला. वाकडा, मध्येच तुटलेला, अगदी धुरासारखा. मग त्यानं अंगठा रंगात बुडवला आणि माझ्या पोटावर दाबला.

"आबाजी, हे काय?"

"पोटाचं झाकण लावताना माह्या हाताचा ठसा राह्यला होता इथी. पुसू का, म्हणलो पायलट साहेबाले. राहू दे, म्हणे, बरोबर नेतो. नेला त्यानं. आला नाई."

आठ दिवसांत एवढंच त्यानं सांगितलं नव्हतं.

रंजीताच्या हातात रंग काढायच्या थिनरचा बोळा होता. माझ्या मापानं तो ठसा राक्षसाचाच. अर्धं पोट त्याखाली गेलेलं. ओला होता तोवर निघाला असता. ती बोळा धरून उभी राहिली. डोमा मला दारातल्या उजेडाकडे उलटं धरून बघत राहिला. बघता बघता ठसा वाळला.

त्याच्या डोळ्यातला तो उजेड आता गेला. मी त्याच्या उशाशी असतो. तो मला चाचपत उलटं करतो, आणि अंगठा बरोबर तिथंच जातो.

कधी आमच्याकडे आलात तर मला खुशाल धुवा, बायांनो. तेल लावा, कुंकू लावा. पोटाखाली तेवढा हात घालू नका.