मार्लिसचं दार किती उघडतं

"टोक घट्ट धर रे आर्लेन, टेप सुटली तर माझं नाक जाईल!" ड्वेन शिडीवरून ओरडला.

मी खाली उकिडवा बसून टेपचं टोक काँक्रीटवर दाबून धरलं होतं. बाहत्तराव्या वर्षी उकिडवं बसणं म्हणजे काय असतं, ते शिडीवर चढलेल्या माणसाला कळत नाही.

"किती?" मी विचारलं.

"अकरा फूट दोन इंच."

"काल किती होतं?"

"अकरा फूट दोन इंच."

"मग आज काय वाढणार होतं, डोंबल?"

"थंडीत लाकूड आखडतं," तो शांतपणे म्हणाला आणि कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर पुन्हा तोच आकडा लिहिला. त्या भिंतीवर मार्चपासूनचे आकडे होते. वरची गाडी पाच फूट दोन इंच, खालची चार फूट दहा, मधे गाडी उचलून धरणाऱ्या लिफ्टची जाडी सहा इंच. तिन्हींची बेरीज केली की छतापर्यंत आठ इंच उरत होते. त्या आठ इंचांवर ड्वेनचा जीव लागला होता.

ड्वेनचं गॅरेज दीड गाडीचं. एका गाडीला जागा, उरलेल्या अर्ध्यात त्याचं कामाचं टेबल. आणि त्या एका गाडीच्या जागेत १९८४ सालापासून एक जुनी दोन दारांची फोर्ड उभी होती. त्याने ती एका म्हाताऱ्या बाईच्या कोठारातून ओढून आणली, तेव्हा मी ट्रक चालवत होतो, म्हणजे पापात माझाही वाटा आहे. "येत्या उन्हाळ्यात सुरू करतो बघ," असं तो तेव्हा म्हणाला होता. त्यानंतर तीस उन्हाळे गेले. चौतीस वर्षं त्याने जिल्ह्यातल्या शाळांच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. हाताला इतका गुण की इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. पण स्वतःची फोर्ड काही सुरू झाली नाही.

आणि मार्लिसची गाडी बाहेर. मार्लिस म्हणजे त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, पहाटे पाचला निघायची. मिनेसोटातल्या हिवाळ्यात पहाटे पाचला शून्याच्या वीस अंश खाली असताना ती अंगणात उभी राहून काचेवरचा बर्फ खरवडायची, इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावलेली वायर प्लगमधून काढायची, आणि निघायची. समोरच आमचं घर. अंथरुणात पडल्या पडल्या मला तो आवाज ऐकू यायचा, खर्र खर्र, खर्र खर्र. माझी बायको लॅव्हॉन म्हणायची, "उठ, मार्लिस निघाली." तीस हिवाळे आमचं गजराचं घड्याळ तेच होतं. मार्लिसने कधी तक्रार केली नाही. आमच्याकडे कुणी करत नाही. फार झालं तर "आज जरा गारठा आहे" म्हणतात.

गेल्या फेब्रुवारीत ती गाडीपाशीच घसरून पडली आणि मनगट मोडलं. बर्फ दिसलाच नाही, म्हणाली. तो कुणाला दिसतो, असं आम्ही सगळेच म्हणालो. पण ड्वेनच्या मनाला ते लागलं. मार्चमध्ये तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "चार खांबांची लिफ्ट बसवायची. फोर्ड वर, मार्लिसची ब्यूक खाली. यंदाच्या हिवाळ्यात ती सपाता घालून गाडीत बसेल."

इतकी साधी गोष्ट त्याला तीस वर्षांनी सुचली, पण सुचली. मला खरंच आनंद झाला. तो पार जूनपर्यंत टिकला.

जूनमध्ये लॅव्हॉनने मला सांगितलं की मार्लिसच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. लायसन्स नव्याने मिळालं नाही. आता चर्चला, दुकानात, बुधवारी गोधड्या शिवायला, सगळीकडे लॅव्हॉनच तिला नेणार होती. ड्वेनला वाटायचं, मैत्रिणी मिळून जातात. "ड्वेनला बोललास तर याद राख," लॅव्हॉन म्हणाली. "तिची ती सांगेल."

मी मूग गिळून बसलो. पाच महिने त्या टेपचं टोक धरून बसलो. ज्या बाईसाठी मोजतोय ती आता गाडीच चालवत नाही, हे मला ठाऊक, आणि हा बाबा शिडीवर आठ इंच मोजतोय. असा राग यायचा! कधी तिचा, कधी त्याचा, बहुतेक वेळा माझाच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही लिफ्ट बघायला फार्गोला गेलो. विक्रेता चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ठेवायला पाहिजे की कामाला?"

"म्हणजे?" ड्वेन म्हणाला.

"म्हणजे वर गाडी नुसती ठेवायची, की वर चढवून खालून काम करायचं? ठेवायची तर ही साधी पुरे. काम करायचं तर जॅकवाली बघू."

ड्वेनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. फोर्डचं इंजिन अर्धं टेबलावर आणि अर्धं कॉफीच्या डब्यांत होतं.

"ठेवायला," तो हळूच म्हणाला. ते कबूल करायला त्याला किती जड गेलं असेल, मला कळलं. मी चेष्टा केली नाही.

मग मात्र त्याने त्या विक्रेत्याला हैराण केलं. गाडी वर असताना भार तारेवर असतो की खाचेत बसलेल्या अडणीवर? अडणीवर, तार फक्त उचलायला. एक तार तुटली तर? त्याने स्वतः खाली वाकून चारही खांबांच्या अडण्या बोटांनी चाचपल्या. "आणि मधे पत्र्याचे ट्रे पाहिजेत. जुनी गाडी तेल गाळते. बायकोच्या गाडीवर थेंब पडता कामा नये."

शेवटी गाडं अडलं रुंदीवर. अरुंद लिफ्ट बसवली तर त्याचं टेबल राहत होतं. रुंद बसवली तर टेबल जाणार. पण अरुंदमध्ये खालच्या गाडीचं दार खांबाला आपटलं असतं.

"बाईंच्या गाडीचं दार पूर्ण उघडलं की किती जागा खातं?" विक्रेत्याने विचारलं.

ड्वेनला ते माहीत नव्हतं. त्याला फोर्डच्या प्रत्येक बोल्टचा आटा पाठ होता.

"घरी जाऊन मोजा आणि फोन करा," विक्रेता म्हणाला. "त्यावर ठरवू."

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "टेबल गेलं तर गेलं. रुंदच घेतो. तिला अंग चोरून उतरायला लागू नये." पुढे चाळीस मैल मी रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजले. बोललो असतो तर सगळं बाहेर पडलं असतं.

घरी पोहोचताच, कोटही न काढता, तो टेप घेऊन ब्यूककडे गेला. मी टोक धरलं. त्याने चालकाचं दार पूर्ण उघडलं, मोजलं, "तीन फूट सात," म्हणाला, आणि लिहायला काही सापडेना म्हणून आत डोकावला. काचेच्या कोपऱ्यात तेल बदलल्याची छोटी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती तोच लावायचा, स्वतःच्या अक्षरात, तारीख आणि मैल घालून. एप्रिल, अठ्ठ्याऐंशी हजार एकशे चाळीस.

तो आत बसला. किल्ली फिरवली. मैलांचा आकडा बघितला, चिठ्ठी बघितली, परत आकडा बघितला.

"बारा मैल," तो म्हणाला.

माझ्या हातातून टेपचं टोक सुटलं आणि ती सरसर करत त्याच्या मांडीवर जाऊन पडली.

तो उठून घरात गेला. मी जायला नको होतं, पण गेलो. मार्लिसने पाऊल ऐकून कॉफी ओतायला घेतली होती. दुसऱ्या हाताचं एक बोट कपाच्या काठावरून आत अडकवून ती ओतत होती. बोटाला चटका बसला की थांबायची. ती गेले कित्येक महिने तशीच ओतत असणार. ड्वेन दारात उभा राहून ते बोट बघत होता.

"मार्लिस, ब्यूक शेवटची कधी चालवलीस?"

तिने भांडं खाली ठेवलं. "आर्लेनने सांगितलं?"

"आर्लेन कसला सांगतोय! गाडीने सांगितलं. एप्रिलपासून बारा मैल."

"लायसन्सच्या ऑफिसात त्या मशीनमध्ये बघायला लावलं," ती म्हणाली. "वरची ओळ वाचा म्हणे. मला ओळच दिसेना. बाजूची खिडकी दिसली, त्या बाईचं घड्याळ दिसलं. तुझ्याकडे बघते ना, तर मला कान दिसतात तुझे."

"कान?"

"चांगले आहेत. मोठे आहेत."

ड्वेनचा हात कानाकडे गेला.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण फाटला होता.

मार्लिसने टेबलावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "तू मोजत होतास," ती म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा त्या गॅरेजात तू माझ्यासाठी काहीतरी मोजत होतास. रोज संध्याकाळी येऊन सांगायचास, आज इथे दोन इंच निघाले, आज तिथे चार. मला ऐकायला इतकं बरं वाटायचं, ड्वेन. सांगितलं असतं तर तू मोजायचा थांबला असतास."

मी खिडकीकडे तोंड केलं.

"आता ती विकून टाक," ती पुढे म्हणाली. "माझी गाडी गेली की अंगण मोकळं. लिफ्टही नको, आणि तुझं टेबलही राहील."

ड्वेनने मला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"जूनपासून."

"लेका," तो म्हणाला. एवढंच. पन्नास वर्षांच्या ओळखीत त्याने मला खूप शिव्या घातल्यात, पण त्या एका शब्दाएवढी कुठलीच लागली नाही.

त्यानंतर आठ दिवस तो सकाळच्या कॉफीला हॉटेलात आला नाही. त्याची खुर्ची रिकामी. मंडळींनी विचारलं तर मी म्हणायचो, सर्दी झालीय. फार्गोच्या विक्रेत्याने माझ्याकडे फोन केला, रुंद पाठवू की अरुंद? मी म्हटलं, मला नका विचारू.

नवव्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून बर्फ पडायला लागला. फोन वाजला.

"हातमोजे घेऊन ये," ड्वेन म्हणाला. "ढकलायला माणूस पाहिजे."

गॅरेजचं दार सताड उघडं होतं. फोर्डच्या चाकांत त्याने हवा भरली होती. ती मागून दोघांनी ढकलली. आधी हललीच नाही. मग एकदा करकरली आणि हळूहळू बाहेर अंगणात, बर्फात जाऊन उभी राहिली. ब्यूक त्याने स्वतः आत घातली, तोंड रस्त्याकडे करून, बरोबर मधोमध. उतरून दोन्ही बाजूंची दारं पूर्ण उघडून पाहिली. टेबल भिंतीला सरकवलं होतं. दारं कशालाच लागली नाहीत.

"लिफ्टवाल्याला काय कळवलंस?" मी विचारलं.

"नको म्हणून."

"अरुंद पण नको?"

"कुठलीच नको." त्याने भिंतीवरच्या आकड्यांकडे हात केला. "मार्चपासून हे मोजत होतो, आर्लेन. ढकलायला दहा मिनिटं लागली."

मी म्हटलं, "फोर्ड गंजेल बाहेर."

"गंजेल," तो म्हणाला.

"आणि ब्यूक विकायची म्हणत होती ना मार्लिस?"

"विकायची नाही. मी चालवीन, ती बसेल." मग जरा थांबून म्हणाला, "उद्यापासून लॅव्हॉनला सुट्टी. खूप केलं तिने."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चला निघायच्या वेळी मी बूट घालत होतो आणि मला आवाज आला. खर्र खर्र, खर्र खर्र. लॅव्हॉनने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं दारात आलो.

मार्लिस कोट, टोपी, बूट घालून अंगणात उभी होती आणि फोर्डची काच खरवडत होती. मोडून जोडलेल्या मनगटानेच, एका हाताने काठ चाचपत, दुसऱ्याने खरवडत. चालकाच्या बाजूचा तेवढाच चौकोन, जेवढा ती स्वतःच्या गाडीचा करायची. ड्वेन गॅरेजच्या तोंडाशी उभा होता. आत ब्यूक सुरू होती, उबदार, आणि चालकाच्या शेजारचं दार त्याने पूर्ण उघडून धरलं होतं.

"मार्लिस, अगं ती आपली नव्हे," तो म्हणाला. "ती फोर्ड आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "इतकी वर्षं आत बसून सोकावलीय. पहिल्याच दिवशी एकदम कसं सोसवेल तिला?"

चौकोन पूर्ण झाला तेव्हा तिने खरवडणी त्याच्या हातात दिली आणि ब्यूकच्या अंगावरून हात फिरवत, चाचपत, दारापर्यंत गेली. आत बसली. त्याने दार लावून घेतलं. उघड्या गॅरेजातून मला ती दिसत होती. तिने हातमोजा काढला आणि समोरच्या काचेवर आतून तळवा टेकवला, इकडे, मग तिकडे. काच कोरडी होती. ड्वेन चालकाच्या जागेवर बसला, पण गाडी लगेच निघाली नाही. ती हात फिरवायची थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला.