साबणाचा वास

नवऱ्याच्या अंगाला स्पिरिटचा वास आला नाही, आणि माझा संशय जागा झाला.

हे उलटं वाटेल, म्हणून आधी सांगून टाकते. आमचे हे एका कारखान्यात फर्निचरला पॉलिश करतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा, तो त्यात बुडवायचा आणि लाकडावर हात फिरवत राहायचं, असं ते काम. संध्याकाळी आधी वास घरात शिरतो, मागून हे. पूर्वी प्यायचे तेव्हा याच वासाआड लपायचे. "कामाचा वास आहे गं," म्हणायचे आणि भिंतीला धरून चपला काढायचे. एकदा आमच्या लेकीला, चिमणीला, शाळेतून आणायला गेले आणि पोरीला वाटेतच विसरून एकटे घरी आले. त्या दिवशी मी बजावलं, यापुढे एक थेंब जरी पोटात गेला, तर पोरीला घेऊन मी भावाकडे निघून जाईन. हे रडले, चर्चमध्ये गुडघे टेकले, आणि दारू सुटली. त्याला आता वर्ष होत आलं.

दारू त्यांची सुटली, माझा पहारा काही सुटला नाही. नाक तर कुचकामी, म्हणून मी दुसऱ्या युक्त्या काढल्या. मी घरी शिवणकाम करते. हे आले की म्हणायचं, "जरा सुईत दोरा ओवून द्या हो, मला मेलं दिसतच नाही." मला लांबच्या छतावरचा कावळासुद्धा दिसतो हे त्यांना ठाऊक आहे, पण बिचारे मुकाट ओवून द्यायचे, आणि मी त्यांची बोटं थरथरतात का ते बघायची. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटायचे, मी एक उघडा ठेवायची. माझ्या नणंदेनं, ताईंनी, एकदा मला पकडलं.

"अगं, त्याला देवाच्या हाती सोपवलंयस ना?"

"सोपवलंय की, ताई. पण देवाला एवढी माणसं बघायची असतात. आपलंही लक्ष असलेलं बरं."

ताई नुसतं हसल्या, आणि ते मला झोंबलं.

मग एका रविवारी यांनी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष दिली. मी इस्त्री केलेला शर्ट घालून उभे राहिले आणि छातीठोकपणे म्हणाले, "दिवसभर स्पिरिटचा कॅन माझ्या पायाशी असतो. मी ढुंकूनही बघत नाही. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं." शेवटी घाईघाईनं प्रभूचे आभारही मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. माझीही मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

आणि त्याच आठवड्यात हे साबणाचा वास घेऊन घरी आले.

साधासुधा नव्हे, कपडे धुवायच्या साबणाचा. वर्षानुवर्षं तपकिरी असलेली नखं घासून घासून पांढरी केलेली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आज काम नव्हतं?"

"होतं की."

"मग वास कुठे गेला?"

"धुतला." माझ्याकडे न बघता ते पलंगावर बसले. चहा दिला तर बशीत ओतून अगदी गार होईपर्यंत बघत बसले. मी सुई पुढे केली. दोरा पहिल्या फटक्यात ओवला. दुसऱ्या दिवशीही साबण, तिसऱ्या दिवशीही साबण. जो माणूस मी ओरडल्याशिवाय हात धूत नाही, तो अचानक इतका स्वच्छ कशापायी होतो? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. दुपारी पीत असतील, मी मनात म्हटलं. संध्याकाळपर्यंत उतरत असेल. कारखान्यातले बाकीचे सामील असतील. रात्री कूस बदलली तरी मी कान टवकारायची.

शेवटी मी एक डाव टाकला. सकाळी यांचा जेवणाचा डबा पिठाच्या पिंपामागे दडवला. हे शोधशोध शोधून तसेच गेले, आणि जेवणाच्या सुट्टीआधी मी डबा घेऊन कारखान्यात हजर.

पुढच्या हॉलमध्ये पॉलिशचं काम चालतं. मोठ्या कपाटापुढे यांच्या जागेवर कोणी दुसराच बोळा फिरवत होता. मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले, मला बघून थबकले.

"तो मागे असतो हल्ली," ते म्हणाले.

"मागे का?"

"त्यालाच विचारा, वहिनी." आणि नको इतक्या लगबगीनं परत आत गेले.

मागच्या शेडमध्ये घासकाम चालतं. कोणी नवखा आला की त्याला आधी तिथे बसवतात. आमचे हे, ज्यांचा हात फिरला की टेबलात तोंड दिसतं, ते खुर्च्यांचे पाय मांडीत धरून पॉलिशकागदानं घासत होते. भुवयांपर्यंत लाकडाचा भुसा. मला कळायचं ते कळलं. पिताना सापडले, म्हणून मालकानं हाकललं मागे. माझा संशय खरा ठरला होता, आणि इतक्या रागातही मला कसलीशी मजा वाटली. ती मजा मी विसरलेले नाही.

यांनी डबा बघितला, मला बघितलं, आणि हातातला कागद खाली ठेवला. "बाहेर चल."

शेडमागे फळ्या रचलेल्या होत्या. तिथे बसून त्यांनी सांगितलं. साक्ष दिल्यानंतर एका दुपारी हॉलमध्ये एकटेच होते. कॅनकडे लक्ष गेलं. मनात आलं, आपल्याला आता याचं काही नाही, नुसता वास घेऊन बघू. मग नुसतं चहाच्या मगमध्ये ओतून बघू. मग पाणी घालून बघू.

"ते विष असतं!" मी ओरडले. "माणसं आंधळी होतात त्यानं!"

"माहीत आहे. मीच सगळ्यांना सांगत असतो." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. "हात खाली येईना गं. शपथेवर सांगतो, मी जोर लावला, ठरवलं, मुलीचं नाव घेतलं, तुझं घेतलं. हात काही खाली येईना. रविवारी काय काय बोललो होतो मी, आणि इथे मला तो मग खाली ठेवता येत नव्हता. मग मोठ्यानं म्हटलं, देवा, माझ्याच्यानं होत नाही, तू सोडव. तेवढ्यात मालक रंगाचा नमुना बघायला आले. मी म्हटलं, साहेब, हा मग माझ्या हातातून काढून घ्या. त्यांनी घेतला. त्याच दिवशी मी घासकाम मागून घेतलं. अंगाला तो वास नको म्हणून हात धुतो."

"प्यालात का?"

"ओठाला लागलं. थुंकून टाकलं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाचं खरं आणि खोटं एकाच आवाजात येतं. सुई-दोऱ्यानं यातलं काही कळण्यासारखं नव्हतं.

"मालकांना विचारू?"

"विचार," ते म्हणाले, आणि कागद उचलून आत गेले.

मी तरातरा काचेच्या खोलीपाशी गेले. मालकांनी मान वर केली. "बोला, वहिनी."

प्रश्न अगदी जिभेवर होता. आणि तेव्हाच मला दिसलं की मालक 'नाही प्याला' म्हणाले, तर मी म्हणणार, हे चांगल्या कारागिराला सांभाळून घेतायत. मग कपाटापुढच्या माणसाला गाठणार. मग पाळकसाहेबांना. जगात असं उत्तरच नव्हतं ज्यानं माझं समाधान होईल. मला माझीच भीती वाटली. मीही वर्षभर एक मग धरून उभी होते आणि खाली ठेवू म्हटलं तरी ठेवता येत नव्हता. आजवर मी देवाकडे मागितलं ते यांच्यासाठी. यांना बळ दे, यांना बुद्धी दे. मला कशाची गरज आहे असं कधी वाटलंच नव्हतं. तिथे, मालकांच्या टेबलापुढे, मी पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलं. मनातल्या मनात, एवढंच, की प्रभू, मला आवर.

"काही नाही," मी म्हटलं. "डबा द्यायला आले होते."

मी फार थोर झाले असं समजू नका. घरी पोचेपर्यंत अनेकदा मागे फिरावंसं वाटलं. आल्यावर माळ्यावरची बॅग काढली, आपली असू द्यावी हाताशी म्हणून. चिमणीनं ते बघितलं, आणि काही न विचारता आपली वह्या-पुस्तकं त्यात भरून मोकळी झाली.

संध्याकाळी हे आले. बॅग दिसली. दारातच उभे राहिले.

"काय म्हणाले मालक?"

"विचारलं नाही मी."

त्यांना ते खरं वाटेना. आता संशयानं बघायची पाळी त्यांची होती. बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला, मग उंबऱ्यातच खाली बसले.

"एक घोट गेला होता," ते म्हणाले. "ओठाला नुसतं लागलं नव्हतं. एक घोट पोटात गेला, घसा भाजला, आणि तरी दुसरा हवा होता. तेव्हा देवाला हाक मारली. मालकांना हे माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

म्हणजे माझा संशय खराच होता. वर्षभर मी या क्षणासाठी टपून बसले होते, काय काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पण ते सगळं पकडल्यावर बोलायचं होतं. या माणसानं आजवर एकही गोष्ट पकडल्याशिवाय कबूल केली नव्हती. आज कोणी पकडलं नव्हतं. मालकांना विचारलं असतं तरी पकडता आलं नसतं. मला प्रचंड राग आला होता आणि रडूही येत होतं.

"माझ्यात बळ नाही हो," मी म्हटलं. "जायचं बळ नाही, आणि राहायचंही नाही."

"माझ्यात तरी कुठे आहे?"

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. "देवबापा," एवढं म्हणून हे थांबले, आणि पुढचं आम्ही दोघांनी मुक्यानंच मागितलं. आज त्यांनी अंग धुतलं नव्हतं; भुशानं माझी साडी भरली.

चिमणी बॅगेचा बंद खांद्याला अडकवून आतून आली. दोघांना असं खाली बसलेलं बघून तिचा चेहरा उतरला.

"आई, मामाकडे जायचं ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं. कायमचं वचन देण्याइतकं बळ माझ्यापाशी नव्हतं, आणि होतं ते मी नुकतंच मागून घेतलेलं होतं.

"आज नाही," मी म्हटलं. "बाबांना पाणी दे."