ताटाच्या काठावरची बोटं

"ताई, या बादल्या जरा हलक्या करा. नाहीतर एक दिवस मीच त्यांच्याबरोबर खड्ड्यात जाईन."

भांडी घासणाऱ्या मावशी हे म्हणाल्या तेव्हा तिच्या कडेवर लेक होती, लेकीच्या काखेत थर्मामीटर होता आणि तिचा सगळा जीव त्या थर्मामीटरमध्ये अडकलेला होता. "हो हो मावशी, बघते हं," असं म्हणून ती पुढे गेली. लेकीचा ताप संध्याकाळपर्यंत उतरला. मावशींचं बोलणं मात्र तिच्या डोक्यातून दुपारीच उतरलं होतं.

सहाव्या दिवशी मावशी मागच्या पायऱ्यांवरून घसरल्या. दोन्ही हातांत खरकट्याच्या दोन बादल्या, पायरीवर शेवाळ. उजवं मनगट मोडलं.

ती वसतिगृहाची अधीक्षिका होती. वसतिगृह धर्मशिक्षण घेणाऱ्या एकशेवीस मुलांचं. नवरा तिथेच शिकवायचा, आवारातल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार आणि दीड वर्षाची लेक, जिला सगळं वसतिगृह 'बुटकी' म्हणायचं. हे काम तिने घेतलं तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या, "देवाधर्माची मुलं ती, तुला काय काम पडणार?" आता रोज दुपारी चार बादल्या भरून अन्न खड्ड्यात जात होतं आणि ते वाहून नेणारी बाई प्लॅस्टर घालून भाचीकडे पडली होती.

दुसऱ्याच दिवशी संस्थेचे चिटणीस आले. खड्ड्यावरच्या माश्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि आता हा अपघात. त्यांनी छत्री टेबलावर आडवी ठेवली आणि निकाल सांगितला, "स्वयंपाकघरच बंद करू. बाहेरून प्लॅस्टिकचे डबे मागवू. खाल्ले की फेकले. ना भांडी, ना भांडीवाली."

"रोज एकशेवीस डबे फेकायचे? ते कुठे जाणार? आणि मावशी? अठरा वर्षं त्या इथे राहतात, त्यांना दुसरं घर नाही."

"मग बादल्या रिकाम्या करून दाखवा. पंधरा दिवस देतो."

त्या संध्याकाळी मावशींचा फोन आला. हाताबद्दल एक शब्द नाही. "माझ्या खोलीची किल्ली तुमच्याकडेच आहे ना? खिडकी उघडत जा हो रोज. कोंदट होते."

"उघडीन मावशी," ती म्हणाली. या वेळी मात्र ती विसरली नाही. रोज सकाळी बुटकीला घेऊन ती स्वयंपाकघरामागच्या त्या खोलीत जायची. एक खाट, एक आरसा, खिळ्याला टांगलेली पिशवी. खिडकी उघडायची आणि दिवस मोजायची.

शिकलेल्या माणसाला आधी सुचतं ते तिलाही सुचलं. भाषण दिलं. मुलांनी माना खाली घालून ऐकलं, आणि त्या दिवशी अर्धी बादली जास्तच उरली. मग तिने कोठीतला पोत्यांचा वजनकाटा काढून जेवणघराच्या दारात मांडला, त्यावर बादल्या ठेवल्या आणि रोजचं वजन फळ्यावर लिहायला लागली. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस किलो. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी थेट अठ्ठावीस! तिला आकाश ठेंगणं झालं. नवऱ्याला तिने वर्गाबाहेर बोलावून सांगितलं.

चौथ्या दिवशी प्रार्थनागृहामागे कावळ्यांची सभा भरली. फुलांच्या वाफ्यात भात. कुंड्यांत भात. एकाच्या पोथीच्या पिशवीतून तर रस्सा गळत होता आणि तो बिचारा देवासमोर हात जोडून, डोळे मिटून, जणू काही झालंच नाही असा उभा.

"अरे, हे काय?" तिने कपाळावर हात मारला.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, बादलीत टाकू नका!"

नवरा रात्रभर त्यावर हसला. तिला रडू येत होतं. अकरा दिवस उरले होते.

पाचव्या दिवशी तिने ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्वतः मुलांबरोबर जेवायला बसली. चार वर्षं ती या जेवणघराच्या दारात उभी राहिली होती, पण बाकावर कधी बसली नव्हती. बुटकीला भरवायचं निमित्त घरी असायचंच.

तिथली रीत अशी, की जेवताना कुणी बोलायचं नाही. एक मुलगा उंच चौरंगावर बसून धर्मग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकत जेवतात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दुसरा नियम: 'वाढलेल्याला नको म्हणू नये. वाढणाऱ्यापुढे हात आडवा करू नये.' अन्न हे दान, आणि दान नाकारणं हा उद्धटपणा.

वाढप्यांचा म्होरक्या होता वरच्या वर्गातला एक धिप्पाड मुलगा. त्याचं नावच पडलं होतं 'दानशूर'. वाढणं ही त्याची सेवा, आणि सेवेत हात आखडायचा हे त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने तिच्या ताटात भाताचा एक डाव घातला. दुसरा. तिने मान वर केली. तो प्रेमाने हसला आणि तिसरा घातला. 'पुरे' म्हणायला तिने तोंड उघडलं, तर ग्रंथ वाचणारा थबकला आणि एकशेवीस डोकी तिच्याकडे वळली. तोंड मिटलं. चौथा डाव पडला.

समोरचा किडकिडीत मुलगा तिच्याकडे बघत होता. त्याच्याही ताटात तसलाच डोंगर. त्याने खांदे किंचित उडवले, म्हणजे, 'आता कळलं?'

कळलं. मुलं माजलेली नव्हती. नको म्हणायची सोय नव्हती, टाकायची होती.

पण उपाय काय? मौन मोडायचं कुणी? आणि भिंतीवरचा नियम संस्थेइतकाच जुना. विचार करकरून तिच्या डोक्याचा भुगा झाला. त्या तिरमिरीत घरी ती बुटकीला भरवायला बसली. बुटकी जेवायची म्हणजे युद्धच. ताप येऊन गेल्यापासून तर आई वाटी घेऊन तिच्या मागे मागे. तर्जनी नाचवत, "एक घास! आता एकच! हा शेवटचा एक!" आणि तो एक कधी संपायचाच नाही.

त्या दिवशी बुटकीने आईचीच तर्जनी आईवर उगारली. वाटीच्या काठावर इवलंसं बोट ठेवलं आणि आईकडे रोखून बघितलं. अजून धड बोलता येत नव्हतं तिला.

"एक?"

बुटकीने बोट तसंच दाबून धरलं. आईने एकच घास दिला. तिने तो मुकाट्याने खाल्ला, वाटीकडे बघितलं, आणि दुसरं बोट काठावर आणून ठेवलं. आणखी हवं होतं! गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच तिने स्वतः मागितलं होतं.

आईच्या हातातला चमचा हवेतच राहिला. "अगं बाई!" ती ओरडली. नवरा आतून धावत आला, "काय झालं? ताप?"

"नाही रे! ताटाच्या काठावर बोटं!"

"आता तुझा ताप बघायला हवा," तो म्हणाला.

थोरले गुरुजी, म्हणजे संस्थेचे प्रमुख, बागेत झारीने पाणी घालत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. "गुरुजी, नको म्हणायचं नाही, कबूल. हात आडवा करायचा नाही, तेही कबूल. पण वाढायच्या आधी किती हवं ते मागायला कुठे बंदी आहे? जेवढे डाव हवेत तेवढी बोटं ताटाच्या काठावर. एक शब्दही बोलायला नको."

गुरुजींनी झारी खाली ठेवली. वाकून वाफ्यातलं भाताचं एक शीत उचललं. मग म्हणाले, "मागताना माणूस नम्र होतो. चाळीस वर्षं आम्ही मुलांना नुसतं घ्यायलाच शिकवलं की. करा सुरू."

मुलं तयार झाली. अडला तो दानशूर. "मोजून वाढायचं? मी काय औषध पाजतोय, ताई? एक एक चमचा? सेवा आहे ही!"

"सेवाच आहे. मग ती पुरी कर. मावशी नाहीत, बादल्या कोण नेणार? जो वाढेल त्यानेच न्यायच्या."

"नेतो की! त्यात काय!"

पहिल्या दिवशी त्याने दोन्ही हातांत दोन बादल्या उचलल्या, ऐटीत. पायऱ्यांवर ऐट उतरली. खड्ड्यापाशी पोचेपर्यंत सदरा घामाने चिंब, नाकाला रुमाल. दुसऱ्या दिवशी बोटाकडे दुर्लक्ष करून त्याने दोघातिघांनाच जास्त वाढलं. तिसऱ्या दिवशी, बादल्या रिकाम्या करून, तो पायऱ्यांवर बसून राहिला.

"ताई, मावशी हे रोज करायच्या?"

"रोज."

"अठरा वर्षं?"

दुसऱ्या दिवसापासून दानशूर डाव उचलण्याआधी वाकून प्रत्येकाची बोटं बघायला लागला. एखाद्याचं बोट दिसलं नाही तर भुवया उंचावून थांबायचा. वजन उतरायला लागलं. एकोणीस. बारा. सहा. या खेपेला वाफ्यांतही काही सापडत नव्हतं, कारण लपवायला कुणाकडे काही उरतच नव्हतं. स्वयंपाकीदादा आता पन्नास माणसांचा भात कमी रांधायचा. पायऱ्यांवरचं शेवाळ दानशूरने स्वतः घासून काढलं, कुणी न सांगता.

पंधरावा दिवस उजाडला. मावशींची खिडकी तिने दोनदा उघडली. चिटणीस बारा वाजता येणार होते. त्यांना बोटांची गोष्ट दारातच समजावून सांगायची असं तिने ठरवलं होतं. ते आले साडेबाराला, वाचन सुरू झाल्यावर, आणि तडक गुरुजींशेजारी बाकावर जाऊन बसले. आता बोलणार कशी?

चिटणिसांची एक सवय होती. ताट हलू नये म्हणून ते डाव्या हाताने ते धरून ठेवायचे. अंगठा खाली, चार बोटं काठावर.

दानशूर त्यांच्यासमोर आला. त्याने बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग जेवणघराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं, डोळे विस्फारून. तिने जोरजोरात मान हलवली, म्हणजे नाही, नाही! दानशूरला ते 'हो, हो' वाटलं की त्याने मुद्दामच तसं वाटून घेतलं, हे त्याने आजतागायत कबूल केलेलं नाही. एक डाव. दोन. तीन. चार. मग भाजीचे चार. चिटणीस गोरेमोरे झाले, पण समोरच्या भिंतीवर तो नियम. हात आडवा करायची सोय नाही. गुरुजी ग्रंथ ऐकण्यात गर्क, निदान तसं दिसत तरी होतं.

जेवण आटोपलं. मुलं रांगेने बादलीशी आली. चार बादल्यांच्या जागी आता एकच होती. ताटं जवळजवळ स्वच्छ. कुणाचं सालपट, कुणाचं मिरचीचं देठ. काट्याची सुई एका किलोच्या अलीकडेच डुलत होती. शेवटी चिटणीस आले, दोन्ही हातांनी ताट सावरत. त्यांनी ते रिकामं केलं. सुई एकदम दोनवर गेली.

वाचन संपलं. जेवणघराबाहेर पडताच चिटणीस म्हणाले, "सत्तेचाळीसवरून दोन? पटत नाही. मागे तुमच्या मुलांनी वाफ्यात पुरलं होतं, ऐकलंय मी." आणि छत्री घेऊन ते बागेत शिरले. वाफे टोचले, कुंड्या टोचल्या, खड्ड्यापर्यंत जाऊन आले. एकशेवीस मुलं आणि ती श्वास रोखून उभी. बुटकी तेवढी टाळ्या वाजवत होती.

"काही सापडलं?" गुरुजींनी विचारलं.

"नाही," चिटणीस रुमालाने घाम पुसत म्हणाले.

"बरं. मग या दोन किलोंचा तरी शोध लागलाय. त्यातला एक तुमचा."

मग दानशूरच्या नाकातून पहिला फुस्स आवाज आला आणि सगळं आवार हसण्याने फुटलं. चिटणिसांनी आपल्या डाव्या हाताच्या चार बोटांकडे बघितलं. गुरुजींनी ते कोडं त्यांना उलगडून सांगितलं, तसे तेही हसले, आधी ओठांतल्या ओठांत, मग पोट धरून. त्या भरलेल्या पोटाला ते जडच गेलं असणार. "स्वयंपाकघर राहू द्या," ते म्हणाले. "पण बाई, पाहुण्यांसाठी दारावर पाटी लावा."

तिने आधी फोन लावला. "मावशी, खिडकी आता तुम्हीच येऊन उघडा."

मावशी पुढच्या आठवड्यात आल्या. हात अजून गळ्यात बांधलेला. मुलं पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी उभी राहिली आणि दानशूरने ती एकुलती एक बादली त्यांच्यापुढे आणून ठेवली. मावशींनी डाव्या हाताची करंगळी कडीत घातली आणि बादली उचलली. एका करंगळीने! असा जल्लोष झाला की आतला स्वयंपाकीदादा झारा घेऊन धावत बाहेर आला.

ती मात्र गर्दीतून पुढे झाली आणि तिने तो प्रश्न विचारला जो एकवीस दिवस उशिरा झाला होता. "मावशी, हात कसा आहे?"

"पाऊस आला की ठणकेल म्हणतात," मावशी म्हणाल्या. "पण विचारलंत ना."

आता ती रोज दुपारी मागच्या मोरीवर जाते, बुटकीला घेऊन, थर्मामीटर घरी ठेवून. आणि भेटेल त्याला सांगते, म्हणून तुम्हालाही: तुमच्या घरामागे, कचेरीमागे, वसतिगृहामागे तुमचं उष्टं कुणीतरी उचलत असेल. आज जेवून उठलात की जरा तिकडे जाऊन या. हात कसा आहे, एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.