हिरव्या रंगाखालचे नाव

मी एक जुनी होडी आहे. फिनलंडमधल्या सायमा सरोवराच्या काठी एमेली नावाच्या सुताराने पाइनच्या फळ्या वाकवून मला घडवले. बर्फ वितळल्यावर त्याने तापल्या सळईने माझ्या एका बसायच्या फळीखाली आपल्या मुलीचे नाव डागले, 'सिल्वी'. मग अंगभर डांबर फासून मला पाण्यात सोडले. मित्रांनो, पाण्याने पहिल्यांदा उचलून धरले ना, तेव्हा मला वाटले आपण जागे आहोत की झोपेत?

सिल्वीचा धाकटा भाऊ आर्ने जन्मापासून आंधळा होता. उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य मावळायचा जणू विसरतो. त्या लांबलचक संध्याकाळी सिल्वी वल्हवायची आणि आर्ने मागे बसून एक हात पाण्यात सोडायचा.

"ताई, लव्हाळी आली ना?"

"आली. तुला रे कसं कळतं?"

"पाणी इथं कुजबुजतं. तू सारखी बोलत असतेस, तुला कुठलं ऐकू येणार!"

अशी चाळीस वर्षे गेली. एमेली गेला, त्या दोघांचे केस पिकले. वाटेत भेटणारे कोळी म्हणत, "काय देखणी होडी आहे!" आणि मी मनातल्या मनात लाजत असे.

मग एका शरद ऋतूतल्या धुक्याच्या सकाळी दोन अनोळखी माणसे आली. त्यांनी माझी साखळी कापली आणि मला गाडीवर चढवले. धुके इतके दाट होते की माझे घर मला शेवटचे दिसलेही नाही.

शंभर किलोमीटरवरच्या एका गावात होड्यांचे दुकान होते. बाहेर झकपक पाटी, आणि मागच्या छपराखाली माझ्यासारख्या चोरून आणलेल्या एकोणीस होड्या. तिथे इंजिनांवरचे नंबर घासून काढत, खोटे कागद बनवत. मला हिरवा रंग फासला. डांबराचा वास गेला तशी मी स्वतःलाच ओळखेनाशी झाले.

मला विकत घेतले ओन्नीने. हा निवृत्त पोस्टमन, बायको गेल्यापासून एकटाच राहणारा.

"इतकी स्वस्त?" त्याने विचारले. "आणि कागद?"

"येतील हो पोस्टानं," दुकानदार गोड हसून म्हणाला.

ओन्नीने आयुष्यभर टपाल वाटले होते. हे कागद कधी यायचे नाहीत, हे त्याला तिथेच उमगले. तरी त्याने माझ्या काठावरून हात फिरवला आणि पुढचा प्रश्न गिळून टाकला.

वसंतात मला साफ करताना फळीखाली रंगाचा पोपडा निघाला आणि 'सिल्वी' वर आले. ओन्नी कितीतरी वेळ गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्याने ब्रश घेतला आणि ते नाव पुन्हा झाकले. मित्रांनो, तो दुष्ट नव्हता. रोज तो मला वल्हवायचा, माझ्याशी बोलायचा. पण त्या फळीवर मात्र कधी बसला नाही.

ऑगस्टात आम्ही दूरच्या एका धक्क्याला लागलो. तिथल्या फलकावर एक पिवळा पडलेला कागद होता. ओन्नीने तो हळू आवाजात वाचला, "डांबरी होडी चोरीला गेली आहे. बसायच्या फळीखाली माझे नाव आहे. माझा आंधळा भाऊ तेव्हापासून घराबाहेर पडलेला नाही. सिल्वी."

त्याने तिथूनच पोलिसांना फोन केला. एक तरुण पोलीस अधिकारी आली आणि धक्क्यावर, माझ्या शेजारीच बसली.

"चोरीचा माल घेणं हाही गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"आहे."

"मग ही कुणाची, ते विचारलं का नाही?"

"उत्तर माहीत होतं, बाई. म्हणूनच विचारलं नाही."

तिने ते उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले.

दुकानदार तुरुंगात गेला, ओन्नीला दंड झाला. आणि मी? मी पुरावा झाले. गळ्यात नंबराची चिठ्ठी अडकवून दोन हिवाळे मला कोरड्या गोदामात ठेवले. लाकडाला पाण्याची तहान असते. माझ्या फळ्यांत फटी पडल्या. मी पडल्या पडल्या सरोवराची स्वप्ने बघत असे आणि जाग आली की सिमेंटची जमीन दिसायची.

अखेर मला सिल्वीच्या अंगणात आणून ठेवले. दोन दिवसांनी ओन्नी बसने आला.

"मी ओन्नी. तुमची होडी..."

"कोर्टात पाहिलंय तुम्हाला."

"माफी मागायला आलोय."

"माझं नाव झाकलंत ना? आधी ते खरवडून काढा. माफीचं मग बघू."

तीन दिवस तो खरवडत होता. तिसऱ्या दिवशी सिल्वीने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव आणून ठेवला.

मग फटी मिटाव्यात म्हणून त्यांनी दगड भरून मला उथळ पाण्यात बुडवले. आठवडाभर मी तळाशी होते. वर आभाळ हलत होते, माझ्या पोटातून इवले मासे ये-जा करत होते आणि एकेक फळी फुगून शेजारणीला बिलगत होती.

मला वर काढले तेव्हा आर्ने काठी टेकत आला. सिल्वीचा खांदा आता दुखतो, म्हणून तिघे बसल्यावर वल्ही ओन्नीने घेतली.

"ताई, वल्ह्यांवरचे हे हात तुझे नाहीत."

"नाहीत. ज्यानं होडी विकत घेतली होती ना, त्याचे आहेत."

आर्नेने शेजारची काठी चाचपली. मला वाटले, आता हा उतरणार. मग तो म्हणाला, "कुठं कुठं फिरवलीस रे हिला? सगळं सांग. एक जागा गाळू नकोस."

ओन्नी सांगू लागला. त्याने एकही जागा गाळली नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू हातात येताना इतकेच विचारा, 'ही कुणाची?' आणि उत्तराची भीती वाटली, तर नक्कीच विचारा. आम्हांला तोंड नसते. आमच्या वतीने कुणीतरी विचारावे, म्हणून आम्ही फार दिवस वाट बघत असतो.