घरात दवाखाना नाही

गल्ली

रविवारी सकाळी नळाचं पाणी येऊन गेलं की घणसोली गावात बायका दारात भांडी घासायला बसतात. त्या रविवारी त्यांना उठून वाट द्यावी लागली. पुढे रावसाहेब, पांढऱ्या कडक शर्टात. मागे डॉक्टर गीतांजली आणि गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या दोन मुली.

डॉक्टर गीतांजलीच्या संस्थेचं संशोधन चाललं होतं. टॉवरमधल्या बाईचा स्तनाचा कॅन्सर लवकर सापडतो आणि त्याच टॉवरच्या सावलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईचा उशिरा. असं का? प्रश्न चांगला होता. तो घेऊन लोकांमध्ये जायचं, लोकांना सोबत घ्यायचं, हेही चांगलं होतं. सोबत कोणाला घ्यायचं, असं विचारल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने एकच नाव सांगितलं. रावसाहेब वाशीच्या मार्केटात माथाडी टोळीचे मुकादम. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. बोलायला उभे राहिले की लोक गप्प बसत. संस्थेने त्यांना ‘समाजमित्र’ केलं आणि बिल्ला दिला.

दार वाजायचं. दारात पुरुष यायचा.

“जय भीम, गोटीराम. घरात बायकांना काय त्रास?”

“काय नाय, अध्यक्ष. सगळं ओके.”

“पुढं चला, डॉक्टर.”

असं करत ते एका निळ्या दारापाशी आले. “हे आमचंच घर,” रावसाहेब हसले. “हितं काय विचारायचं! चहा घ्या.”

रखमाने चहा आणला. ट्रे उजव्या हातात, डावा हात पदराखाली, अंगाशी धरलेला. गीतांजलीने सहज विचारलं, “वहिनी, तुम्हाला काही त्रास?”

“तिला?” रावसाहेब म्हणाले. “तिला फक्त माझा त्रास!”

सगळे हसले. गीतांजली हसली. त्या दोन मुली हसल्या. मुलगी संघप्रिया भिंतीला टेकून मोबाईल बघत होती, तीही हसली. आणि रखमा सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त हसली.

एक शब्द

रखमाच्या डाव्या छातीत गाठ होती. भीमजयंतीच्या आधीपासून. हे घरात तिघांना माहीत होतं: तिला, रावसाहेबांना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, भिमाबाईला. तिघांनी मिळून ठरवलं होतं की तो शब्द घरात काढायचा नाही. म्हणून तो जिथे यायला हवा होता, तिथे इथेही जागा रिकामी सोडली आहे.

“आवं, मला ______ तर नसंल ना?” असं रखमाने एकदाच विचारलं होतं.

“येड्यावानी बोलू नको. आधी पोरीचं उरकू दे.”

पोरीचं म्हणजे संघप्रियाचं. महापेच्या एका कंपनीत ती कामाला होती. खारघरचा अश्विन बँकेत. दोघं एकमेकांना आवडले होते, घरच्यांचंही जमत आलं होतं. आणि लग्न जमवायची आपल्याकडे एक रीत आहे. आधी शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात, मूळ गाव विचारतात. चहा संपत आला की कोणीतरी वयस्कर बाई आवाज खाली आणून विचारते, “घरात दवाखाना नाही ना?”

म्हणजे मोठं दुखणं नाही ना. आईचं दुखणं लेकीत उतरतं, लेकीचं तिच्या लेकीत. अशा घरची पोर कशाला करा. मराठवाड्यातून पेट्या-वळकट्यांबरोबर आलेला हा प्रश्न पुढे लिफ्टने बाराव्या मजल्यावरही गेला. तिथे तो जरा चांगल्या भाषेत विचारतात, एवढाच फरक.

कित्येक आयांनी आपली दुखणी लेकीच्या लग्नाच्या तारखेपर्यंत दाबून ठेवली आहेत. काहींना ती तारीख गाठता आली.

भोंगा आणि मोरी

पुढच्या शनिवारी संध्याकाळी विहारासमोर महिला मेळावा होता. विहाराचा भोंगा रखमाच्या खोलीत इतका स्पष्ट ऐकू यायचा की टीव्ही बंद करावा लागे.

*भोंगा:* माझ्या माय-भगिनींनो! आज मी तुमचा अध्यक्ष म्हणून नाही, तुमचा भाऊ म्हणून बोलतोय.

*मोरी:* रखमाने पडदा ओढून घेतला. ब्लाऊज अंगाला चिकटला होता. पाणी लावून तो हळूहळू सोडवावा लागला.

*भोंगा:* लाज सोडा! कॅन्सरला लाजू नका. कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो!

*मोरी:* गाठीवरची कातडी फाटली होती. तिने हळदीचा लेप धुऊन काढला. ओठ दाताखाली धरले.

*भोंगा:* आपल्या आईला विचारा. आपल्या बायकोला विचारा. बाई, तुला काय होतंय? विचाराल ना?

*मोरी:* बाहेर टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत रखमाने एकदा कण्हून घेतलं.

कामावरून परतलेली संघप्रिया तेवढ्यात खोलीत आली होती. “आई, काय झालं? पडलीस का?” म्हणत तिने पडदा बाजूला केला.

रखमाने दोन्ही हात छातीवर धरले. पण तोवर दिसलं होतं. आणि वास. महिनाभर घरात दोन-दोन उदबत्त्या का जळत होत्या, ते संघप्रियाला त्या क्षणी कळलं.

*भोंगा:* एकही बहीण उपचाराविना राहता कामा नये. हा माझा शब्द आहे!

घरात

रावसाहेब हार हातात घेऊनच घरी आले. मागोमाग भिमाबाई.

“पप्पा, तुम्हाला माहीत होतं?”

रावसाहेबांनी हार खुंटीला अडकवला. “हळू बोल.”

“आईला ______ आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

जागा तिथेही रिकामीच राहिली. तिच्याही तोंडून तो शब्द निघाला नाही.

“दवाखान्यात नेणार नाय असं म्हणलो का मी?” रावसाहेब म्हणाले. “उद्या बैठक हाय. साखरपुड्याची तारीख निघू दे. मग नेतो ना. मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडं नेतो. माझी वळख हाय आता.”

“ओळख? ती डॉक्टर इथे बसून चहा पिऊन गेली!”

“तिच्या समोर सांगू? गल्लीभर लाज सोडा म्हणत हिंडणाऱ्याच्या घरात हे? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“पोरी, त्यांना बोलू नको,” रखमा मध्ये पडली. “मीच म्हणले, थांबा म्हणून.”

“कोणासाठी?”

“तुझ्यासाठीच की.”

“मला नको असलं लग्न.”

“नको म्हणं!” भिमाबाई फणकारली. “तिनं मरण अंगावर काढलं तुझ्यापायी, आन् तू नको म्हणतीस? एका दिवसानं काय व्हतंय? उद्याची बैठक होऊ दे. तुला तुझ्या आईची शपत हाय.”

संघप्रिया शपथ मानणारी मुलगी नव्हती. पण आईने हात जोडले. लेकीपुढे हात जोडलेली आई बघवत नाही. म्हणून ती गप्प बसली.

म्हणजे आता चौघं झाली.

बैठक

अश्विन, त्याची आई, त्याचे काका. प्लेटमध्ये भिमाबाईने वाढलेले पोहे, वर खोबरं. रखमा नवी साडी नेसून पडद्याआड उभी. तिला जास्त वेळ बसवत नव्हतं. उदबत्त्या आज तीन.

“छान वास आहे,” अश्विनची आई म्हणाली. “आमच्याकडेही रोज बुद्धवंदनेला असते.”

“संस्कार, दुसरं काय,” रावसाहेब म्हणाले.

काकांनी पेपरात आलेला मेळाव्याचा फोटो दाखवला. “रावसाहेब, मोठं काम करताय. आम्हाला तर अभिमान वाटेल, असे व्याही मिळाले तर.”

“आपलं कर्तव्य हाय, साहेब.”

चहा संपत आला. अश्विनच्या आईने आवाज खाली आणला. “आम्ही काही जुन्या विचारांचे नाही हां. पण विचारलेलं बरं असतं. घरात दवाखाना वगैरे?”

“छे छे! तापाची गोळीबी घेत नाय आमच्यात कोणी. हिला तर बघाच, अजून…”

“माझ्या आईला कॅन्सर आहे,” संघप्रिया म्हणाली.

तो शब्द त्या घरात पहिल्यांदा बोलला गेला. भिंत पडली नाही. छत उडालं नाही.

अश्विनच्या आईने हातातल्या कपाकडे पाहिलं. कप खाली ठेवला, मग एका बोटाने थोडा दूर सरकवला.

“चहा कोणी केला?”

“आईनं. कॅन्सर चहातून जात नाही, काकू.”

“तसं नाही गं…”

“तसंच आहे.”

काका उठले. “रावसाहेब, आधी सांगायचं होतं ओ. आम्ही समजून घेतलं असतं.” सगळे अगदी सभ्यपणे उठले, सभ्यपणे चपला घातल्या. अश्विन दारात क्षणभर थांबला आणि मोबाईल बघत निघून गेला. नाक्यावर पोचायच्या आत त्याचा मेसेज आला: ‘बोलायला नको होतंस यार. लग्नानंतर बघितलं असतं आपण.’

भिमाबाईने संघप्रियाच्या थोबाडीत मारली. “इस्कोट केलास घराचा!”

रखमा पडद्याआडून बाहेर आली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. ती पाटावर बसली, डावा हात पहिल्यांदा पदराबाहेर काढला आणि मांडीवर मोकळा ठेवला. “मला लई दुखतंय गं,” ती म्हणाली.

दवाखाना

“एवढे दिवस काय करत होता तुम्ही लोक?” डॉक्टरांनी रिपोर्टवरून मान वर करत विचारलं.

बिल्ला रावसाहेबांनी खिशात घातला होता.

उत्तर रखमाने दिलं. “पोरीचं जमत होतं, साहेब.”

दुखणं हाडांत उतरलं होतं. औषधं झाली, केस गेले, उलट्या झाल्या. रखमा म्हणायची, “आता घरात दवाखाना हाय गं आपल्या,” आणि हसायची. या हसण्यात मात्र तिच्यासोबत कोणी नसायचं. पुढची भीमजयंती तिने पाहिली नाही.

नाक्यावर रावसाहेबांनी बोर्ड लावला. रखमाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरला होता. एकामागून एक माणसं बोलायला उठली. माता रखमाबाई त्यागाची मूर्ती होत्या. त्यांनी कधी कसली तक्रार केली नाही. गीतांजली मागे, बायकांमध्ये बसली होती. शेवटी माईक संघप्रियाकडे आला.

“आजार अल्पसा नव्हता,” ती म्हणाली. “वर्षभर होता. हा भोंगा जिथे ऐकू येतो, तिथेच होता. माझी आई त्यागाची मूर्ती नव्हती. तिला दुखत होतं. तिने तक्रार केली नाही असं नाही. तिला एकटीला बाजूला घेऊन कोणी विचारलंच नाही. पप्पांनी नाही, डॉक्टरांनी नाही. मी रोज तिच्या हातचा डबा नेत होते, मीही नाही.”

रावसाहेब उठून बाहेर गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्यांची जागाच नव्हती ती.

नंतर गीतांजली तिच्यापाशी आली. “मी तुमच्या घरी आले होते,” ती म्हणाली.

“हो. तुम्ही हसलात.”

गीतांजलीने मान हलवली. “आम्ही दारापर्यंत आलो आणि दारात उभ्या असलेल्यालाच विचारत राहिलो. तू येशील या कामात? पुरुष नकोत. बिल्लेही नकोत.”

“मेलेल्या बाईची पोरगी म्हणून फोटो काढणार माझा?”

“नाही.”

“मग येते.”

संस्थेच्या वार्षिक पुस्तिकेत त्या वर्षी रावसाहेबांचा माईकसमोरचा फोटो छापून आला. खाली ओळ होती: स्थानिक नेतृत्वाचा उत्स्फूर्त सहभाग.

उंबरठा

रविवार. नळाला पाणी येऊन गेलंय. संघप्रिया गल्लीत एकटीच आहे, गळ्यात काही नाही. काही दारं तिला बघून आधीच लागतात. जिथे ती जाते तिथली लग्नं मोडतात, असं भिमाबाई सांगत फिरते. ज्यांच्या घरात उपवर पोरी आहेत, ती दारं सगळ्यांत लवकर लागतात.

गोटीरामचं दार उघडं आहे. त्याच्याही पोरीला स्थळं येताहेत. तो उंबरठ्यावर उभा राहतो, दोन्ही हात चौकटीला लावून.

“जय भीम, ताई. आमच्यात सगळं ओके हाय.”

“काकूंना विचारायचं होतं.”

“तिला काय विचारता!” गोटीराम हसतो. आजूबाजूला बघतो, कोणी ऐकतंय का. “तिला फक्त माझा त्रास!”

शेजारच्या दारात भांडी घासणाऱ्या बायका हसतात. अगदी सवयीने.

संघप्रिया हसत नाही.

ती तशीच उभी राहते. गोटीरामचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ टिकतं, मग त्याला ते जड होतं. भांड्यांचा आवाज थांबतो. तो चौकटीवरचा एक हात काढतो. मग दुसरा.

“काका, तुम्ही जरा नाक्यावर जाऊन या,” ती म्हणते.

तो जातो. कुरकुरत, मागे वळून बघत, पण जातो.

संघप्रिया चपला काढून आत येते. दार लावून घेते. आत अंधारात, ओट्यापाशी, गोटीरामची बायको सखू उभी आहे. ओट्यावर दोन उदबत्त्या जळताहेत. सखूचा एक हात पदराखाली आहे.

“काकू,” ती विचारते, “तुम्हाला काय होतंय?”

“मला ना, पोरी…” सखू म्हणते. “मला ______”