सुताराच्या झोपडीत

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठं सासूबाई बोलल्या, "उठा आता. वेरूळची गाडी निघून जाईल."

पहाटेपासून मी बाळाच्या कुंचड्याचे बंद बांधत होते, सोडत होते. बाळ माझं, वर्षाचं. आज ते जाऊबाईंच्या ओटीत घालायचं होतं. आवडाबाई, माझ्या थोरल्या जाऊ, वैजापूरला राहतात. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गाव सोडून पळताना त्यांचं तान्हं गेलं. पुढं कूस उजवली नाही. मला सातवा लागला तेव्हा सासूबाईंनी विचारलं आणि मी मान हलवली. पोटातलं देणं सोपं वाटलं होतं.

आम्ही सुतार. घरात मोठं काही करायचं असलं की वेरूळच्या लेण्यात विश्वकर्म्यापुढं जायचं. त्या लेण्याला लोक सुताराची झोपडीच म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा जाऊबाई वैजापूरहून आधीच येऊन थांबल्या होत्या. वर दगडात वाकवलेले वासे, एकेक जणू रंधा मारलेला. ह्यांची मान वर गेली ती खाली येईना. "बघ, एक वासा बी चुकला नाय," म्हणाले. ह्या माणसाला आज वासे दिसतातच कसे?

समोर देव पाय खाली सोडून बसलेला, दोन्ही हात छातीशी. "लाकूड तासताना बोटाला वाकस लागला, म्हणून बोट धरून बसलाय," सासूबाईंनी माझ्या थोरल्या लेकीला, कौसाला सांगितलं.

देवाच्या पायाशी पांढऱ्या लुगड्यातली एक बाई मेणबत्ती लावत होती. दोन वर्षांमागं दीक्षा घेतलेल्यांतली असावी. म्हणाली, "आजी, हे बुद्ध भगवान हायेत."

"आमच्या पणज्यापासून विश्वकर्मा हाय."

"ऱ्हाऊ द्या की मग. ते कुठं नाय म्हणतात?" ती हसली आणि सरकून आम्हांला जागा दिली.

सासूबाईंनी नारळ ठेवला. "हं, घाल."

मी घातलं. जाऊबाईंनी पदर पसरून घेतलं, आणि बाळानं भोकाड पसरलं. ते रडणं छताला लागून चहूकडून परत यायला लागलं. कुठून रडतंय तेच कळेना. अंगावरचं तोडून महिना झाला होता, तरी माझी चोळी भिजली. जाऊबाईंनी ते पाहिलं.

"घे गं, एकदा पाज. मी तिकडं तोंड करते."

त्या खरंच खांबाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बाळ हुंदके देत देत प्यायलं, झोपलं. मी उठेना. पदर सारखा केला, कुंचडं सारखं केलं, परत पदर.

"उठ की बाई," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

जाऊबाई वळल्या नाहीत. खांबालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "नसंल द्यायचं तर आत्ताच सांग. घरी पाळणा टांगून आलेय मी. जाऊन सोडीन."

मी उठले. त्यांच्या खांद्यावर बाळ ठेवलं. झोपेत त्याची मूठ माझ्या मण्यांत अडकली होती. एकेक बोट करून सोडवली.

वैजापूरची गाडी गेली. धुरळा खाली बसला तरी मी तिथंच, ह्या पायावरून त्या पायावर. कौसानं माझा हात धरला. मग मान वर करून विचारलं,

"आई, मला कुणाला देणार?"