सहा बोटं केस

त्या वर्षी क्योतोतल्या मोठमोठ्या सरदारांची झोप एका माणसाच्या डोक्यावरच्या केसांनी उडवली होती. हसू येतं ना? तोरामेलाही पहिले दोन महिने यायचं. ती त्या माणसाची दाई. तिनेच त्याला अंगावर पाजलं होतं, त्याच्या पायांत पहिल्या गवती चपला तिनेच बांधल्या होत्या, आणि आठव्या वर्षी मठात त्याचे केस उतरवले तेव्हा डोळे पुसत शेजारी उभी होती तीही हीच. एकोणीस वर्षांनी तेच केस पुन्हा वाढवायला तिला बोलावणं आलं.

झालं होतं असं. सम्राटाच्या नावाने देशाचा कारभार हाकणारा तरुण शोगुन देवी येऊन गेला. लोक म्हणाले, नशीबवान, अंथरुणात मेला. त्या घराण्यात अंथरुणात मेलेला पुरुष शोधावा लागे. मागे मूलबाळ नाही. उरले दोन सावत्र भाऊ. थोरला कोशुन, सत्तावीस वर्षांचा भिक्षू. धाकटा अकरा वर्षांचा, अजून आईच्या कुशीत झोपणारा. कारभारी नागासे यांनी थोरल्याची बाजू घेतली, म्हणून त्यांचे हाडवैरी ओबाता यांनी धाकट्याची. एकाला केस नव्हते आणि दुसऱ्याला वय. शोगुनची उंच काळी टोपी डोक्यावरच्या बुचड्याला बांधतात. बुचडा नाही तर टोपी नाही, टोपी नाही तर सम्राटाचा दूत येत नाही, आणि दूत आल्याशिवाय कसला शोगुन? नागासेंनी दरबारात छातीठोकपणे सांगितलं, अकरा वर्षांचं पोर काय राज्य करणार, आम्ही थांबू. ओबाता म्हणाले, थांबा की. केस काय तुमच्या हुकमाने वाढतात?

म्हणून मग दर पाचव्या दिवशी नागासेंचा माणूस बांबूची एक पट्टी घेऊन यायचा. पट्टीवर सहा बोटांवर खूण होती. तेवढे केस झाले की बुचडा बसतो. तो गुडघ्यावर बसून, तोंडावर कापड बांधून, भावी शोगुनच्या डोक्याला पट्टी लावायचा आणि आकडा टिपून घेऊन जायचा. तोरामे रोज सकाळी त्सुबाकी या फुलझाडाच्या बियांचं तेल कोमट करून चोळायची. जेवणात काळे तीळ, समुद्रातलं शेवाळ. आणि कोशुन रोज तोच प्रश्न विचारायचा, "किती झाले गं, दूधआई?"

तेल हातांनी चोळायची आणि मनात म्हणायची, नका रे वाढू. हे ती कुणाला सांगणार? तिचा पोटचा मुलगा कागेनारी त्याच वाड्याच्या दारावर पहारा करत होता. कोशुन आणि तो एका दुधावर वाढलेले. दाईचा मुलगा म्हणजे धन्याची सावली. धनी गेला की त्याने मागे राहायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण आजवर कुणी मोडलंही नव्हतं. म्हणजे बघा, एका डोक्यावर तिचे दोन जीव टांगलेले. कोशुन मठात होता तोवर दोघेही सुखरूप होते. भिक्षूच्या वाटेला कोण जातं?

चार बोटं भरली त्या सकाळी तिने धीर करून त्याला सांगितलं, की नाही म्हण, आजारी पड, वेडा हो, काहीही कर, पण मठात परत जा. पहिल्या महिन्यात त्याने स्वतःच हेच म्हटलं असतं. तेव्हा तो डोकं खाजवत हसायचा, म्हणायचा, "मला साळिंदर करून ठेवलंय सगळ्यांनी." पण आता काही दिवसांपासून तो आरसा मागू लागला होता. टोपी कशी बांधतात ते कागेनारीकडून शिकत होता. तोरामेने हे सगळं पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

"आता नाही म्हणता येणार नाही," तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "आणि खरं सांगू, दूधआई? नाही म्हणावंसं वाटतही नाही. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी प्रार्थना म्हटल्या. माझ्यासाठी कुणी दारात वाट बघतंय असं हे पहिल्यांदाच झालंय."

तिने तेलाची वाटी उचलली आणि बाहेर आली. त्या दिवशी तिला त्याचा रागही आला आणि त्याची फार कीवही आली. मुलाला आठव्या वर्षी टाकून द्यायचं आणि मग काम पडलं की उचलून आणायचं, असल्या घराण्याला काय म्हणावं?

साडेपाच बोटं झाली आणि शहराने श्वास रोखला. दरबाराने मुहूर्त जाहीर केला, दूताचं नावही ठरलं. ओबातांना आता थांबायला वेळ नव्हता. वर्षाच्या आठव्या महिन्यातल्या एका दुपारी, जेवणं आटोपत असताना, उत्तरेकडून आरोळ्या ऐकू आल्या. पाठोपाठ धूर दिसला. नागासे आणि ओबाता या दोघांचे वाडे एकाच गल्लीत, समोरासमोर. धूर त्या गल्लीतून येत होता, एवढंच इथून कळत होतं. स्वयंपाकघरातला एक म्हातारा धावत आला आणि छाती बडवत म्हणाला, नागासे संपले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याने काय पाहिलं होतं ते देव जाणे. पण हे ऐकून वाड्यातले निम्मे पहारेकरी मागच्या दाराने पसार झाले. कागेनारी बारा माणसं घेऊन पुढच्या दाराशी उभा राहिला.

तोरामेला पुढचं सगळं दिसलं. ओबातांचे लोक घटकाभरात इथं पोचणार. दारात कागेनारी मरणार, आत कोशुन. तिला एकच वाट दिसली, आणि ती वाट तिने जन्मभर लोकांना चालताना पाहिली होती. हरलेले सरदार केस उतरवून, काळं वस्त्र घालून मठात जात. मुंडण केलेल्या माणसावर तलवार उचलायची नाही, हा रिवाज. तिचा दीर असाच वाचला आणि सत्तर वर्षांचा होऊन मेला. तिने पेटी उघडली. भुवया उतरवायचा तिचा छोटा वस्तरा काढला आणि मठातलं त्याचं जुनं वस्त्रही, जे तिने दहा महिने जपून ठेवलं होतं.

वस्तरा पाहताच कोशुनने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "नको," तो म्हणाला. "दूधआई, नखभर राहिलेत फक्त."

तिने त्याला सांगितलं, की नखभर केसांसाठी तू मरशील आणि तुझ्याबरोबर माझा कागेनारीही मरेल. तेवढ्यात बाहेर मोठी आरोळी उठली. कोशुनचे हात हळूहळू खाली आले. त्याने डोळे मिटले. "कर," म्हणाला.

दहा महिने वाढवलेले केस उतरायला कितीसा वेळ लागतो? भाताला आधण येईस्तोवर सगळे केस तिच्या मांडीवर पडले होते. कोशुन रडत होता, आवाज न करता, लहानपणी रडायचा तसाच. तिने त्याच्या अंगावर जुनं वस्त्र चढवलं आणि पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.

तेवढ्यात दार सरकलं. कागेनारी आत आला. तोंड घामेजलेलं, पण हसरं. "धनी, दाराशी निरोप आलाय, ओबाता जळाले. नागासेंनी आधीच सापळा लावला होता. आपण जिंक—"

त्याने धन्याचं डोकं पाहिलं, मग आईच्या मांडीवरचे केस पाहिले.

"आई, हे काय केलंस?"

"मला वाटलं तुम्ही दोघं..." तोरामे म्हणाली. कागेनारीने वळून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागासे स्वतः आले. म्हातारा माणूस, बोलायला मधाळ, आवाज कधी चढायचा नाही. तोरामेने त्यांच्यासमोर जमिनीला कपाळ टेकलं. चूक माझी, म्हणाली, मला काय ती शिक्षा द्या. यांना मठात परत पाठवा. केस उतरलेलेच आहेत, वस्त्र अंगावर आहे, यांचं शोगुनपद कुठं आणि हे कुठं.

नागासेंनी गरम पाण्याचा पेला संपवला. परवा दूत येतोय, म्हणाले, त्याला मी काय दाखवू? मुहूर्त टळला तर ओबातांचे भाऊबंद पुन्हा उठतील. शिवाय धूर पाहून मुंडण करून घेणारा शोगुन, यावर बाजारात कालच गाणी झालीत. तेव्हा धाकटेच गादीवर बसतील. अकरा वर्षं म्हणजे काही लहान नाही, असंही म्हणाले. ज्या तोंडाने दहा महिन्यांपूर्वी पोर म्हटलं होतं, त्याच तोंडाने. लाज म्हणून वाटली नाही मेल्याला.

"मग यांना जाऊ द्या," तोरामे म्हणाली. "भिक्षू आहेत ते."

"भिक्षू होते," नागासे म्हणाले. "तोरामे, ज्याचे केस एकदा वाढले, त्याचे पुन्हा वाढतात. उद्या दुसरा कुणी ओबाता उभा राहील, त्याच्यापाशी दहा महिने असतील. माझ्यापाशी नाहीत."

आयुष्यभर पाहिलेला तो रिवाज त्या एका वाक्याने मातीत गेला. मुंडण एकदाच वाचवतं. ज्याने ते एकदा मोडलं, त्याचं दुसरं मुंडण कुणी धरत नाही, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आजवर तशी वेळच कुणावर आली नव्हती. नागासेंनी दोन दिवस दिले. कोशुनने स्वतःच्या हाताने, आपल्याच घरात मरावं, एवढा मान ठेवला. कागेनारीबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

ते दोन दिवस कागेनारीने आईशी शब्द काढला नाही. तिने पुढे ठेवलेला भात मात्र तो मुकाट्याने खाई, आणि तेच तिला जास्त लागे.

शेवटच्या सकाळी सम्राटाचा दूत धाकट्याच्या वाड्याकडे निघाला होता. रस्त्यावरचे ढोल इथवर ऐकू येत होते. तोरामेने सवयीने तेल कोमट केलं, वाटी घेऊन कोशुनच्या मागे बसली, आणि मग तिचं तिलाच कळेना की आता चोळायचं कशाला. तिने तरीही हात ठेवला.

"किती झाले गं, दूधआई?" त्याने विचारलं.

तिच्या तळव्याला बारीक खुंट टोचले. "तांदळाच्या दाण्याएवढेही नाहीत."

"पण आलेत ना?"

"आलेत."

त्याने ढोलांच्या दिशेला मान वळवली. "मला हवी होती गं ती टोपी," म्हणाला. "तुझ्यावर राग नाही माझा. पण हवी होती."

तोरामेला वाटलं होतं की तिने फक्त त्याचा जीव घालवला. टोपीचं सुखही तिनेच हिसकावून घेतलं, हे तिला आत्ता कळलं. तिला रडू फुटलं नाही. ती तेल चोळत राहिली.

कागेनारी धुतलेले पांढरे कपडे घालून आला. त्याने धन्याला हात देऊन उठवलं आणि पलीकडच्या खोलीत नेलं. मग एकटाच परत आला, आईसमोर बसला, जमिनीला डोकं टेकवलं. लहान असल्यापासून बाहेर पडताना तो "येतो, आई" म्हणायचा. लढाईला जाताना, बाजारात जाताना, कायम तेच.

"जातो, आई," तो म्हणाला.

तो उठला आणि त्याने मागून दार ओढून घेतलं. तोरामे तेलाची वाटी धरून बसून राहिली. पलीकडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, अगदी हळू, मुलं अंथरुणात पडल्या पडल्या कुजबुजतात तसं. मग तेही थांबलं.